टॅबचा बॅकअप ‘आहे’ म्हणजे नेमकं काय आहे?

टॅब दुरुस्तीला नेला की काउंटरवरचा मुलगा फुटलेल्या काचेकडे नीट बघायच्या आधीच विचारतो, “बॅकअप घेतलाय ना? फॉरमॅट मारावा लागेल.” सोबत एक छापील पावती पुढे सरकवतो. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डेटाची जबाबदारी आमची नाही. आपण सही करतो आणि म्हणतो, “हो हो, गूगलवर असेल सगळं.”

टॅब परत येतो. जीमेल उघडतं, कॉन्टॅक्ट दिसतात, फोटोही हळूहळू उतरतात. हायसं वाटतं. मग कधीतरी लक्षात येतं की मुलीने वर्षभर पेनाने लिहिलेल्या नोट्स त्यात नाहीत, आजोबांनी रेकॉर्ड केलेली भजनं नाहीत आणि डाउनलोड्समध्ये ठेवलेल्या सगळ्या पीडीएफ गेल्या आहेत. बॅकअप चालू नव्हता असं नाही. तो चालू होता, पण या गोष्टी त्यात कधी गेल्याच नव्हत्या.

मोबाईलपेक्षा टॅबवर हे जास्त घडतं. मोबाईल रोज हातात असतो आणि रोज रात्री चार्जिंगला लागतो. टॅबचं तसं नाही. परीक्षा संपली की तो कपाटात जातो, बॅटरी संपून महिनोन्महिने पडून राहतो, मग भाचा आला की गेम खेळायला बाहेर निघतो. बॅकअपच्या सगळ्या आपोआप चालणाऱ्या सोयी मात्र रोज वापरलं जाणारं यंत्र डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या आहेत.

आधी तीन शब्द

बॅकअप म्हणजे डेटाची वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत. रिस्टोर म्हणजे त्या प्रतीवरून डेटा पुन्हा यंत्रात आणणं. सिंक म्हणजे दोन किंवा अधिक ठिकाणी एकच डेटा कायम सारखा ठेवणं. इथे बदललं की तिथेही बदलतं. गोंधळ होतो तो पहिल्या आणि तिसऱ्या शब्दात.

समजा तुमच्याकडे एक डायरी आहे. सोमवारी तुम्ही तिची झेरॉक्स काढून भावाच्या घरी ठेवली. मंगळवारी कुणी डायरीचं पान फाडलं तरी झेरॉक्समध्ये ते पान शाबूत आहे. हा बॅकअप. त्याची उणीवही याच उदाहरणात दिसते : मंगळवारी तुम्ही नवीन काही लिहिलं असेल तर ते झेरॉक्समध्ये नाही. सिंकमध्ये झेरॉक्स नसतेच. तीच डायरी दोन घरांत एकाच वेळी उघडी असते. इथे लिहिलं की तिथे उमटतं, आणि इथे पान फाडलं की तिथेही फाटतं.

गूगल फोटोज आणि अ‍ॅपलचं आयक्लाउड फोटोज या मुख्यतः सिंकसारख्या चालणाऱ्या सोयी आहेत. टॅबची जागा भरली म्हणून गूगल फोटोजच्या अ‍ॅपमध्ये जाऊन फोटो निवडायचे आणि डिलीट करायचे, “वर आहेतच की” असं म्हणत, ही सर्रास होणारी चूक. ते ‘वरून’ही जातात, आणि त्याच खात्यावर चालणाऱ्या तुमच्या मोबाईलमधूनही दिसेनासे होतात. गूगल फोटोजच्या कचरापेटीत वर चढवलेले फोटो ६० दिवस राहतात, आयक्लाउडमध्ये साधारण ३० दिवस. त्या मुदतीत लक्षात आलं तर ठीक. फक्त टॅबवरची जागा मोकळी करायची असेल तर गूगल फोटोजमध्ये त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ नावाचा वेगळा पर्याय आहे. तो वर सुरक्षित पोचलेल्या फोटोंची फक्त टॅबमधली प्रत काढतो.

टॅबमध्ये काय कुठे राहतं

बॅकअप समजून घ्यायचा तर आधी टॅबमधल्या वस्तूंकडे जरा चिकित्सकपणे बघायला हवं. जीमेल, गूगल डॉक्स, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, यूट्यूबच्या याद्या : या गोष्टी मुळात टॅबमध्ये राहतच नाहीत. त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि टॅब फक्त दाखवतो. टॅब विहिरीत पडला तरी त्यांना धक्का नाही. रिस्टोर झाल्यावर आपल्याला सगळ्यात आधी दिसतात त्या याच गोष्टी, आणि म्हणून “सगळं आलं” असा भास होतो.

दुसरा भाग म्हणजे मांडणी : कुठली अ‍ॅप होती, वायफायचे पासवर्ड, आयकॉन कुठे होते, आवाज किती होता. हे गेलं तर चिडचिड होते, नुकसान होत नाही.

खरं जपायचं ते तिसऱ्या भागात असतं. तुम्ही टॅबवरच तयार केलेलं आणि टॅबवरच राहिलेलं. रेकॉर्डरमधला आवाज, डाउनलोड्स फोल्डर, स्क्रीनशॉट, ई-पुस्तकांच्या अ‍ॅपमध्ये स्वतः टाकलेल्या पीडीएफ, पेनाने लिहिलेल्या नोट्स, काढलेली चित्रं, गेममधली प्रगती. यातलं काय बॅकअपमध्ये जातं आणि काय नाही हे प्रत्येक अ‍ॅपवर अवलंबून असतं.

प्रोक्रिएट हे आयपॅडवरचं चित्रकारांचं लाडकं अ‍ॅप घ्या. त्यातली चित्रं अ‍ॅपच्या आतच साठवलेली असतात. आयपॅडचा पूर्ण बॅकअप चालू असेल तर ती त्यात जातात. पण जागा कमी पडते म्हणून, किंवा अ‍ॅप अडकतंय म्हणून, कुणी ते डिलीट करून पुन्हा घेतलं तर अ‍ॅपसोबत चित्रंही जातात. पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप पुन्हा फुकट उतरतं, पण गॅलरी रिकामी असते. तेव्हा कुठलंही अ‍ॅप काढून टाकण्याआधी त्याच्या सेटिंगमध्ये बघायचं : याची फाइल बाहेर काढता येते का, त्याचं स्वतःचं खातं आहे का, आणि असलं तर त्यात लॉगिन केलेलं आहे का. नोट्सच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये सिंकची सोय असते, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

अँड्रॉइड टॅबवर काय होतं

सॅमसंग, लेनोवो, शाओमी, वनप्लस, कुठलाही अँड्रॉइड टॅब असो, सेटिंगमध्ये गूगलच्या पानावर बॅकअपचा पर्याय सापडतो. तो चालू केला की टॅब चार्जिंगला आहे, वायफायवर आहे आणि कुणी वापरत नाही अशी वेळ बघून साधारण दिवसातून एकदा बॅकअप घेतला जातो. त्यात अ‍ॅपची यादी, अ‍ॅपचा काही डेटा आणि सेटिंग जातात; सिमवाला टॅब असेल तर एसएमएस आणि कॉलची यादीही.

अ‍ॅपचा ‘काही’ डेटा म्हणजे किती? २०१५ साली अँड्रॉइड ६ बरोबर आलेल्या या व्यवस्थेत प्रत्येक अ‍ॅपला २५ एमबीची मर्यादा आहे. सेटिंग आणि गेमची प्रगती जपायला तेवढं पुरतं. पाचशे पानांच्या हस्तलिखित नोट्स किंवा तासाभराचं रेकॉर्डिंग त्यात मावणार नाही. शिवाय अ‍ॅप बनवणाऱ्याला “माझा डेटा बॅकअपमध्ये घेऊ नका” असं सांगायची मुभा असते. बँकांची अ‍ॅप सुरक्षेसाठी सहसा तसं सांगतात, आणि ते योग्यच आहे.

डाउनलोड्स फोल्डर बहुतेक टॅबवर या बॅकअपमध्ये येत नाही. तुमच्या टॅबवर येतो की नाही हे बॅकअपच्या पानावरची यादी वाचून कळेल. यादीत नाव नसेल तर नाही असं धरा. फोटो-व्हिडिओंचा कारभार वेगळा आहे, तो गूगल फोटोजकडे असतो. आणि तिथेही सहसा कॅमेऱ्याचा फोल्डर आपोआप जातो, बाकीचे फोल्डर एकेक करून चालू करावे लागतात.

आता कपाटातल्या टॅबकडे परत येऊ. गूगलच्या नियमानुसार ५७ दिवस टॅब वापरला नाही तर त्याचा अ‍ॅप डेटाचा बॅकअप पुसला जाऊ शकतो. फोटो आणि ड्राइव्हमधल्या फाइल्सना हा नियम लागू नाही, पण बाकीच्याला आहे. मे महिन्यात परीक्षा संपून बंद केलेला टॅब ऑगस्टमध्ये चालू होत नाही म्हणून दुकानात नेला, तर तोवर त्याचा बॅकअपही गेलेला असू शकतो. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं, आणि कंपनीही ते मोठ्या अक्षरात सांगत नाही.

सॅमसंगच्या टॅबवर स्मार्ट स्विच नावाचं अ‍ॅप असतं. ते वायर जोडून कॉम्प्युटरवर, किंवा पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डावर बराच व्यापक बॅकअप घेतं. सॅमसंगचा टॅब असेल तर माझ्या मते फक्त गूगलवर विसंबण्यापेक्षा महिन्याकाठी एकदा हे करणं उत्तम.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट वेगळी. टॅबवर ते बहुतेक वेळा मोबाईलला जोडलेलं असतं, तेव्हा त्याचा बॅकअपही मोबाईलवरूनच घेतला जातो. टॅब गेला तरी चॅट मोबाईलवर आहेत. मोबाईल गेला तर मात्र टॅबमधल्या चॅटवरून सगळं परत उभं करता येणार नाही.

आयपॅडवर काय होतं

अ‍ॅपलचा बॅकअप तुलनेने व्यापक आहे. अ‍ॅपच्या आतला डेटाही सहसा त्यात येतो. अडचण जागेची आहे. आयक्लाउड ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा ५ जीबी जागा फुकट मिळायची. आजही ५ जीबीच मिळते. मधल्या काळात आयपॅडची साठवण कुठल्या कुठे गेली. परिणाम असा की बॅकअप चालू असतो, आणि ‘जागा अपुरी, बॅकअप पूर्ण झाला नाही’ असा संदेश रोज येतो. आपण तो रोज बाजूला सारतो. बॅकअपच्या पानावर शेवटच्या यशस्वी बॅकअपची तारीख दिसते. ती दीड वर्षापूर्वीची निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आपोआप बॅकअपसाठी इथेही अट तीच : वायफाय, चार्जर आणि लॉक असलेली स्क्रीन. आयक्लाउड बॅकअप बंद केला किंवा वापरणं थांबवलं तर शेवटची प्रत १८० दिवस ठेवली जाते. गूगलपेक्षा मुदत मोठी, पण मुदत आहेच.

पैसे भरून जागा वाढवायची नसेल तर आयपॅड वायरने कॉम्प्युटरला जोडून पूर्ण बॅकअप घेता येतो; मॅकवर फाइंडरमधून, विंडोजवर आयट्यून्स किंवा अ‍ॅपल डिव्हायसेस या अ‍ॅपमधून. तिथे ‘एन्क्रिप्ट’ अशी एक चौकट दिसते. एन्क्रिप्शन म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात डेटा बंद करणं. ती चौकट जरूर भरा, कारण तसं केलं तरच साठवलेले पासवर्ड आणि वायफायची माहिती बॅकअपमध्ये जाते. मात्र तो पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. तो विसरलात तर त्या प्रतीचा उपयोग शून्य. अ‍ॅपलकडेही त्याची दुसरी किल्ली नसते.

नवीन आयपॅड घेणार असाल तर एक सोय हाताशी ठेवा. सेटिंगमधल्या ‘ट्रान्सफर ऑर रीसेट’ या पानावरून नव्या आयपॅडची तयारी सुरू केली तर जुन्याच्या पूर्ण बॅकअपसाठी अ‍ॅपल तात्पुरती फुकट जागा देतं. तीन आठवडे ती प्रत राहते. एवढ्या अवधीत नवा आयपॅड हातात यायला हवा.

रिस्टोर करताना काय अडतं

बॅकअप घेणं सोपं, कारण ते यंत्र करतं. रिस्टोरच्या वेळी आपल्याला बसावं लागतं, आणि सगळे पेच तिथे निघतात.

पहिला पेच : पूर्ण बॅकअपमधून एकच वस्तू काढता येत नाही. झेरॉक्सचा गठ्ठा सीलबंद आहे असं समजा. त्यातलं फक्त एक पान हवं म्हटलं तरी सगळा गठ्ठा कोऱ्या डायरीतच उतरवावा लागतो. आयपॅड आधी पूर्ण पुसावा लागतो, मग सुरुवातीच्या मांडणीत ‘आयक्लाउड बॅकअपमधून रिस्टोर’ असा पर्याय येतो. अँड्रॉइडवरही हा पर्याय मुख्यतः नवीन किंवा रीसेट केलेला, म्हणजे सगळं पुसून कोरा केलेला, टॅब पहिल्यांदा चालू करताना मिळतो. घाईत ‘स्किप’ दाबलं की झालं, पुन्हा रीसेट. दुकानदार ‘चालू करून दाखवतो’ म्हणत भराभर पुढे जातो तेव्हा नेमकं हेच होतं. टॅब कोरा ताब्यात घ्या आणि घरी, वायफायवर, स्वतः चालू करा.

दुसरा पेच टॅबच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा. नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीच्या टॅबवर बसत नाही. उलट चालतं. म्हणून बदली टॅब मिळाला की आधी तो अपडेट करायचा, मग रिस्टोर. आयपॅडचा पूर्ण बॅकअप अँड्रॉइडवर किंवा अँड्रॉइडचा आयपॅडवर असा थेट रिस्टोर होत नाही. तिथे फोटो, कॉन्टॅक्ट, फाइल्स अशा वेगवेगळ्या वाटांनी न्याव्या लागतात.

तिसरा धीराचा. रिस्टोर ‘पूर्ण’ झाल्यावर आयकॉन सगळे दिसतात, पण करडे. अ‍ॅप आणि फोटो मागून उतरत राहतात. घरचं ब्रॉडबँड बरं असेल तर काही तासांत, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दोन दिवसही लागतील. एवढ्यात घाबरून पुन्हा रीसेट मारणारे लोक आहेत. चार्जर लावा, वायफाय ठेवा आणि सोडून द्या.

आणि चौथा, सगळ्यात वाईट : खातं कुणाचं आहे हेच माहीत नसणं. टॅब विकत घेताना काउंटरवर “जीमेल आहे का काका?” असं विचारलं जातं. काका “नाही” म्हणतात. दुकानातला मुलगा तिथल्या तिथे एक नवं खातं उघडून देतो, नावापुढे जन्मसाल, पासवर्ड म्हणून मोबाईल नंबर किंवा असंच काहीतरी. पुढची चार वर्षं सगळे फोटो त्या खात्यावर जातात आणि घरात कुणालाही ते नाव धड आठवत नाही. बॅकअप आहे, पण त्याची किल्ली हरवली आहे. आई-वडिलांच्या टॅबवर आज एकच गोष्ट करायची असेल तर ही करा : खात्याचं नाव बघा, पासवर्ड माहीत नसेल तर बदला, रिकव्हरीसाठी चालू मोबाईल नंबर टाका आणि दोन्ही गोष्टी वहीत लिहून ठेवा. वहीत लिहू नये असं कुणी सांगेल. घरच्या कपाटातली वही चोरीला जाण्यापेक्षा पासवर्ड विसरण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

ओटीपीचाही विचार करा. खात्यात लॉगिन करायला लागणारा ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम चालू आहे ना? ओटीपी दाखवणारं अ‍ॅप त्याच टॅबमध्ये तर नाही ना, जो तुम्ही आता पुसणार आहात?

“रिकव्हरीवाले काढून देतात की!”

जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कबाबत हे बऱ्याच अंशी खरं होतं. तिथे फाइल डिलीट केली की फक्त ‘ही जागा मोकळी’ अशी नोंद व्हायची, मजकूर तिथेच असायचा. फॉरमॅट मारल्यावरही तो खणून काढता यायचा.

आजच्या टॅबमध्ये सगळा साठा एन्क्रिप्ट केलेला असतो, आणि त्याची किल्ली त्या टॅबच्याच चिपशी आणि तुमच्या स्क्रीन लॉकशी बांधलेली असते. रीसेट करताना टॅब आधी ती किल्ली नष्ट करतो. मेमरी चिपवर अजून बरंच काही उरलेलं असू शकतं, पण ते आता निव्वळ अर्थहीन आकडे आहेत. म्हणूनच मेमरी चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवली तरी काही वाचता येत नाही. रीसेट झालेल्या टॅबमधून ‘शंभर टक्के डेटा’ काढून देतो म्हणून आधीच पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

रीसेट न झालेला, पण बंद पडलेला टॅब ही वेगळी परिस्थिती आहे. चार्जिंग पिन, बॅटरी किंवा डिस्प्ले गेला असेल तर तो बदलून टॅब चालू होतो आणि डेटा जसाच्या तसा मिळतो. दुकानात सांगायची पहिली गोष्ट ही : “फॉरमॅट मारू नका, आधी नुसता चालू होतो का बघा.” स्क्रीन लॉक आठवत असायला हवा, एवढंच.

“मेमरी कार्डात टाकलंय ना”

टाकलंत ते चांगलं. पण कार्ड त्याच टॅबमध्ये बसलेलं असेल तर टॅब एसटीत विसरला की कार्डही गेलं. डायरीची झेरॉक्स डायरीतच घडी करून ठेवण्यासारखं आहे हे. शिवाय काही टॅबवर कार्ड टाकताना ते ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून वापरायचं का असं विचारतात. हो म्हटलंत तर कार्डही त्या टॅबपुरतं एन्क्रिप्ट होतं आणि दुसऱ्या कुठल्याही यंत्रात उघडत नाही. बॅकअपसाठी कार्ड ‘पोर्टेबल’ म्हणूनच ठेवावं आणि प्रत काढून झाली की बाहेर काढून ठेवावं.

ओटीजीवाला, म्हणजे थेट टॅबला लावता येणारा, पेन ड्राइव्ह यापेक्षा बरा. आयपॅडवरही २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून फाइल्स अ‍ॅपमध्ये पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क दिसतात. टाइप-सी आयपॅडला त्या थेट लागतात. जुन्या पिनच्या आयपॅडला अ‍ॅडॅप्टर लागतो.

“क्लाउडवर आहे, मग कशाला काळजी?”

क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीतले कॉम्प्युटर. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल्स ठेवायची ‘जी-ड्राइव्ह’ ही व्यवस्था जळाली. ८५८ टीबी डेटा होता, आणि आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर कुठेही प्रत ठेवलेली नव्हती. कर्मचाऱ्यांना मात्र आपलं काम तिथेच साठवायला सांगितलेलं होतं.

गूगल आणि अ‍ॅपल एकच डेटा अनेक ठिकाणी ठेवतात, त्यामुळे आगीची भीती तुम्ही बाळगायचं कारण नाही. तुमचा धोका वेगळा आहे : खात्यातूनच बाहेर फेकलं जाणं. पासवर्ड विसरतो, खातं हॅक होतं, नियमभंगाच्या संशयाने बंद होतं. दोन वर्षं अजिबात न वापरलेली खाती पुसण्याचं धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणलं आहे. तेव्हा जे गमावणं परवडणार नाही त्याची एक प्रत आपल्या हातातल्या हार्ड डिस्कवर हवी. पीटर क्रो या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो : मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. टॅब, घरातली हार्ड डिस्क आणि क्लाउड एवढ्यात तो पुरा होतो.

‘आपलं सगळं कंपनी वाचेल’ ही शंका रास्त आहे. अँड्रॉइड ९ पासून अ‍ॅप डेटाचा बॅकअप तुमच्या स्क्रीन लॉकने बंद केला जातो, गूगललाही तो उघडता येत नाही. फोटो आणि ड्राइव्हमधल्या फाइल्सना हे कवच नाही. अ‍ॅपलने डिसेंबर २०२२ पासून ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ हा पर्याय दिला आहे. तो चालू केल्यावर बहुतेक गोष्टींची किल्ली फक्त तुमच्याकडे राहते. हरवली तर मग कुणीच मदत करू शकत नाही. मला विचाराल तर घरातल्या ज्येष्ठांच्या टॅबवर तो चालू करू नका. त्यांच्या बाबतीत चोरापेक्षा विसरभोळेपणाचा धोका मोठा आहे.

“टॅब संस्थेचा आहे”

महाज्योतीसारख्या संस्थेकडून प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी मिळालेला, शाळेचा किंवा ऑफिसचा टॅब असेल तर त्यावर संस्थेचं नियंत्रण असू शकतं. अशा टॅबवर स्वतःचं खातं जोडणं किंवा बॅकअप घेणं बंद केलेलं असू शकतं, आणि संस्था तो दूरवरून पुसूही शकते. त्यावर घरचे फोटो ठेवूच नयेत. स्वतः काढलेल्या नोट्स वेळोवेळी पीडीएफ करून स्वतःच्या मेलवर पाठवत राहाव्यात.

बॅकअप खरा आहे हे कसं ओळखायचं

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा काम करताना चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप एक नव्हे, पाच तऱ्हांनी घेण्याची व्यवस्था होती. ऐन वेळी एकही कामाची निघाली नाही. त्यातली एक तर आवृत्तीच्या गोंधळामुळे आधीपासूनच बंद पडली होती, आणि ती बंद असल्याचे इशारेवजा ईमेल कुणाला पोचतच नव्हते. सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी हाताने काढलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीरपणे सांगितलं, म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

घरच्या टॅबची तपासणी याहून कितीतरी सोपी आहे. दुसऱ्या कुठल्याही मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर बसा, ब्राउझरमध्ये तुमच्या खात्यात लॉगिन करा आणि टॅबवरच्या तीन वस्तू शोधा : कालचा एक फोटो, एक जुनं रेकॉर्डिंग, नोट्सचं एक पान. नुसतं नाव दिसून उपयोग नाही, उघडून बघा. रेकॉर्डिंग असेल तर मधूनच ऐका. जे सापडलं नाही त्याचा बॅकअप नाही, मग सेटिंग काहीही म्हणो. हार्ड डिस्कवरच्या प्रतीचंही तसंच : डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइल उघडायची.

कपाटातला टॅब महिन्यातून एकदा बाहेर काढा, एक रात्र चार्जरला आणि वायफायला लावून ठेवा. गूगलची ५७ दिवसांची मर्यादा त्याने चुकते, अपडेट येतात, आणि बॅटरीही पूर्ण मरत नाही.

टॅब एक्स्चेंजमध्ये देताना क्रम महत्त्वाचा : आधी बॅकअप, मग दुसऱ्या यंत्रावर वरची तपासणी, मग खातं काढणं, आयपॅड असेल तर हरवलेलं यंत्र शोधायची ‘फाइंड माय’ ही सोय बंद करणं, आणि शेवटी सेटिंगमधून रीसेट. खातं न काढता बटणं दाबून जबरदस्तीने फॉरमॅट मारला तर चोरीपासून बचावासाठी असलेलं कुलूप लागतं आणि पुढच्या माणसाला टॅब चालू करताना तुमचाच पासवर्ड विचारला जातो. मग दुकानातून फोन येतो. नवा टॅब हातात आल्यावर जुना लगेच देऊन टाकू नका. आठवडाभर दोन्ही ठेवा. नोट्सचं ते एखादं अ‍ॅप, ज्याचा कुणालाच विचार सुचला नव्हता, सहसा त्याच आठवड्यात आठवतं.